मिठाच्या पाण्यापासून कोरड्या स्पर्शापर्यंत

ईसीजी काढण्यापूर्वी छातीवर लावला जाणारा गार, बुळबुळीत लेप बहुतेकांच्या परिचयाचा असतो. यंत्रापुढे तो क्षुल्लक वाटतो खरा; परंतु शरीरातील वीज मोजण्याच्या विद्येचा इतिहास चाळताना आम्हांला त्या ओलाव्याचेच महत्त्व अधिक जाणवले.

१८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी मानवी हृदयाच्या विद्युत्स्पंदांची पहिली नोंद केली. जिमी नावाच्या आपल्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते हा प्रयोग लोकांना दाखवीत. पुढे लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी सुमारे २७० किलो वजनाचा तारयुक्त गॅल्व्हनोमीटर उभारला. त्यांचे रुग्णही हात-पाय खारट पाण्याच्या भांड्यांत बुडवूनच बसत. या कार्यासाठी आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाण्याची ही गरज का पडावी? शरीरात वीज वाहते ती आयनांच्या रूपाने, धातूत इलेक्ट्रॉनांच्या. त्यात त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, शुष्क पेशींचा. शरीराच्या बऱ्याचशा भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या एकदोन शतांशांइतकीच असते. पण जेमतेम मिलिव्होल्टभर असलेल्या हृदयाच्या संकेताला तेवढा अडथळाही पुष्कळ होतो. क्षारयुक्त ओलावा या दोहोंमधला दुभाषी ठरतो. भांड्यांची जागा लेपाने आणि चिकटपट्ट्यांनी घेतली, तरी दुभाष्याचे काम चालूच राहिले.

मात्र लेपाला मर्यादा होती. तो वाळतो, त्वचेला खाज आणतो. नॉर्मन होल्टर यांनी १९६१ साली चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची दीर्घकाळ नोंद घेण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून ही अडचण अधिकच बोचू लागली. कोरड्या विद्युदग्रांनी (इलेक्ट्रोडांनी) लेप वगळला आणि क्षीण संकेत सांभाळण्याचा भार संवेदनक्षम प्रवर्धकांवर टाकला. तरीही 'कोरडा' हा शब्द अर्धसत्यच म्हणावा लागेल. धातूखाली साचणारा घाम लेपाचे काम करतो. म्हणून संकेत स्थिरावायला थोडा वेळ लागतो, आणि हालचालीने स्पर्श सरकला की नोंद बिघडते. खेळाडूंचे छातीवरचे पट्टे बांधण्यापूर्वी पाण्याने भिजवावे, ही सूचना त्याचीच कबुली होय.

२०१८ साली अ‍ॅपलच्या घड्याळात ईसीजीची सोय आली. एका मनगटावर घड्याळ, दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या कळीवर, आणि तीस सेकंद स्थिर बसणे. दोन हातांमधील विद्युद्भेद मोजणारी ही जोडणी म्हणजे आइंटहोवेन यांची पहिली 'लीड'च. भांडी गेली, मोजण्याची दिशा तीच राहिली.

बदलले ते निराळेच. लेप लावायला कोणी असे आणि पुसायलाही. मोजणीला आरंभ असे, शेवट असे, आणि शरीराला तिची जाणीव असे. घड्याळावर बोट ठेवण्यात त्या जाणिवेचा एक अंश तरी उरला आहे. परंतु अंगरख्यात विणलेले विद्युदग्र तेवढेही मागत नाहीत. ज्याला अचानक धडधड होते, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती थांबते, अशा रुग्णाला हे वरदानच आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र जे टोचत नाही, त्याची विचारणाही सहसा होत नाही.

१९०९ साली जिमीच्या प्रयोगावरून ब्रिटिश संसदेत क्रौर्याचा प्रश्न उपस्थित झाला होता. गृहमंत्र्यांनी तो थट्टेवारी नेला. समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून चालणाऱ्याला कुत्र्याच्या अनुभवाची कल्पना येईल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. प्रश्न अस्थानी असेल, पण तो विचारता आला, कारण कुत्र्याचे ओले पाय सर्वांना दिसत होते. आज अंगावरच्या पट्टीने टिपलेली आपली नोंद कोठे जाते आणि ती कोण वाचते, हे विचारण्याची आठवण करून देणारा तो गार स्पर्श आता उरलेला नाही. ती आठवण आपली आपणच ठेवायला हवी.