इहिदे सितैन मया व अलफ

‘सन इहिदे सितैन मया व अलफ.’ ऐकताना हा एखादा मंत्र वाटेल. पण ही साधी वर्षसंख्या आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. पेशवाईतले कारकून हे अरबी शब्द सहज लिहीत. महिनाही मोहरम, सफर, जमादिलाखर असाच घालत. माझ्या घरातल्या बोलण्यातले हे महिने त्यांच्या दौतीत कसे उतरले, याचे मला जुने कुतूहल आहे.

आम्हा वाईकरांना हा विषय परका नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांना वाईत जुनी पत्रे मिळाली आणि त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतापर्यंतचा काळ येतो. अशा पत्रावरची तारीख आजच्या कालगणनेत बसवणे, हे संशोधकाचे पहिले काम.

सुहूर सन हिजरीतूनच निघाला. ७४५ साली, म्हणजे इसवी १३४४ च्या सुमारास, दोन्ही आकडे सारखे होते. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. सुहूर वर्ष मात्र शेतकऱ्याच्या सोयीने सूर्याला बांधलेले, मृगाला सुरू होणारे. त्यामुळे पानिपताच्या वेळी हिजरी ११७४ होते, तर सुहूर ११६१. तोच दिवस शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. इंग्रजी हिशेबाने १४ जानेवारी १७६१.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण शाळेत शिकलो. तसे केले तर पानिपत १७६० मध्ये जाऊन पडते! पौषात इंग्रजी वर्ष बदललेले असेल, तर ७९ मिळवावे लागतात. सुहुरातही मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. एवढे विसरले, की लढाईत पडलेला माणूस लढाईनंतर घरी पत्र लिहू लागतो.

त्यात आणखी एक पेच आहे. वर्ष सूर्याचे आणि महिने चंद्राचे, म्हणून एका सुहूर वर्षात काही तारखा दोनदा येतात. एकदा आरंभी, एकदा अखेरीस. तिथे जंत्री दोन दिवस दाखवते. त्यांतला खरा कोणता, हे पत्रातला मजकूरच सांगतो.

आता घरोघरची दप्तरे संगणकावर चढत आहेत. संगणकाला तारीख म्हणजे आधी नुसती अक्षरे. तिचा साचा सांगितला, तरच त्यातून दिवस तयार होतो. ३/४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. एक्सेलच्या तक्त्यात तर १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून बसतच नाही, मजकूर म्हणून पडून राहते. मग क्रम लावायला सांगितले, की पत्रे अक्षरांच्या क्रमाने लागतात, काळाच्या नव्हे.

म्हणून जुने कागद नोंदवणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. तीन रकाने करा. पहिल्यात कागदावरची तारीख जशीच्या तशी, कारकुनाच्या शब्दांत. दुसऱ्यात ती कोणत्या गणनेतली आहे ते. तिसऱ्यात आपण काढलेला इसवी दिवस, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. दोन शक्यता असतील तर दोन्ही. तिसरा रकाना पुढचा अभ्यासक सुधारू शकेल. पहिलाच पुसला गेला, तर सुधारायला काही उरणार नाही.