लिस्टेरियाची प्रथिने व पोषक कोशिका

काही रोगकारक सूक्ष्मजंतू प्राण्यांच्या कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) शिरून तेथेच वाढतात. क्षय, कुष्ठरोग व आंत्रज्वर यांचे सूक्ष्मजंतू या गटातील आहेत. अशा सूक्ष्मजंतूंची विशिष्ट प्रथिने पोषक कोशिकेच्या (ज्या कोशिकेत सूक्ष्मजंतू वाढतो तिच्या) प्रथिनांशी संयोग पावून तिची यंत्रणा आपल्या कामी लावतात. या परस्परक्रियेचा सर्वांत सविस्तर अभ्यास लिस्टेरिया मोनोसायटोजेनीझ या दंडाकार सूक्ष्मजंतूच्या बाबतीत झालेला आहे. दूषित अन्नातून तो मनुष्याच्या शरीरात जातो. गरोदर स्त्रिया, नवजात अर्भके, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांना त्यापासून विशेष धोका असतो. गर्भपात, रक्तदूषण व मस्तिष्कावरणशोथ (मेंदूवरील आवरणांची दाहयुक्त सूज) हे त्याचे गंभीर परिणाम होत.

शोध व नामकरण : १९२४ मध्ये केंब्रिज येथील प्रयोगशाळेत पाळलेले तरुण ससे अचानक मरू लागले. ई. जी. डी. मरी, आर. ए. वेब व एम. बी. आर. स्वान यांनी १९२६ मध्ये या साथीच्या सूक्ष्मजंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. आजारी सशांच्या रक्तात एककेंद्रकी श्वेतकोशिकांची संख्या वाढलेली आढळल्यामुळे त्यांनी त्याला मोनोसायटोजेनीझ हे नाव दिले. १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जे. एच. हार्व्ही पिरी यांना जर्बिल या उंदरासारख्या वन्य प्राण्यात तोच सूक्ष्मजंतू आढळला. इंग्रज शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांच्या सन्मानार्थ त्यांनी योजलेल्या नावावरून पुढे १९४० मध्ये लिस्टेरिया हे वंशनाम रूढ झाले.

प्रतिपिंडांचे अपयश : ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉर्ज मॅकेनेस यांनी १९६२ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी या अभ्यासाला निराळी दिशा मिळाली. रोगातून बऱ्या झालेल्या उंदरांचा रक्तरस (रक्त साखळल्यावर वेगळा होणारा द्रव) निरोगी उंदरांना टोचला असता त्यांचे संरक्षण होत नाही, असे त्यांना आढळले. प्रतिकाराचे कार्य रक्तरसातील प्रतिपिंडे नव्हे, तर उद्दीपित झालेल्या महाभक्षिकोशिका करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सूक्ष्मजंतू प्रतिपिंडांपासून कसा निसटतो, हे मात्र आणखी पाव शतकाने उलगडले.

मध्यंतरी रोगाच्या प्रसाराचा मार्ग स्पष्ट झाला. १९८१ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रांतांत ४१ जणांना हा रोग झाला. त्यांपैकी ३४ रुग्ण गर्भावस्था व प्रसूतिकाल यांच्याशी संबंधित होते. कच्च्या कोबीची कोशिंबीर हे साथीचे कारण ठरले. हा कोबी मेंढ्यांचे खत घातलेल्या शेतातला होता व त्या मेंढ्यांत लिस्टेरियाचा रोग होता. शीतकपाटातील तापमानातही हा सूक्ष्मजंतू वाढू शकत असल्यामुळे थंड करून साठविलेले अन्नही सुरक्षित मानता येत नाही.

रिक्तिकेतून सुटका : महाभक्षिकोशिकेने गिळलेला सूक्ष्मजंतू प्रथम पटलाने वेढलेल्या रिक्तिकेत (पोकळीत) कोंडला जातो व तेथे त्याचा नाश होणे अपेक्षित असते. लिस्टेरिया लिस्टेरिओलायसीन ओ हे रक्तविलयक प्रथिन स्रवून पटलाला छिद्रे पाडतो आणि कोशिकाद्रव्यात बाहेर पडतो. १९८६ मध्ये झां लुई गायार व त्यांचे सहकारी यांनी या प्रथिनाला मुकलेले उत्परिवर्ती प्रकार उंदरांत निरुपद्रवी ठरतात, असे दाखविले. १९९० मध्ये डॅनियल पोर्टनॉय यांच्या गटाने याच प्रथिनाचे जनुक बॅसिलस सटिलिस या निरुपद्रवी सूक्ष्मजंतूत घातले, तेव्हा तोही रिक्तिकेतून सुटून प्राणिकोशिकेत वाढू लागला. हे प्रथिन रिक्तिकेतील अम्लीय परिस्थितीत सर्वाधिक क्रियाशील असते. त्यामुळे रिक्तिका फुटते, परंतु सूक्ष्मजंतूचे आश्रयस्थान असलेली कोशिका वाचते.

अ‍ॅक्टिनाचे शेपूट : १९८९ मध्ये ल्यूइस टिल्नी व पोर्टनॉय यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने असे दाखविले की, कोशिकाद्रव्यातील लिस्टेरियाभोवती पोषक कोशिकेच्याच अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू जमतात व त्यांपासून धूमकेतूसारखे शेपूट तयार होते. त्याच्या रेट्याने सूक्ष्मजंतू थेट शेजारच्या कोशिकेत घुसतो. कोशिकांबाहेर येण्याची त्याला गरजच पडत नसल्यामुळे प्रतिपिंडांना तो सापडत नाही. मॅकेनेस यांच्या निरीक्षणाचा अर्थ अशा रीतीने स्पष्ट झाला. या क्रियेस आवश्यक असलेले अ‍ॅक्टए हे प्रथिन १९९२ मध्ये फ्रान्स व जर्मनी येथील गटांनी ओळखले. कोशिकेतील एआरपी २/३ हा प्रथिनसमूह अ‍ॅक्टिन तंतूंची निर्मिती सुरू करतो, हे १९९७–९८ मध्ये लिस्टेरियाच्याच साहाय्याने सिद्ध झाले. १९९९ मध्ये मारी-फ्रान्स कार्लिए व त्यांचे सहकारी यांनी केवळ शुद्ध प्रथिनांच्या मिश्रणात ही गती घडवून आणली. रोगकारकाच्या अभ्यासातून निरोगी कोशिकेच्या हालचालीचे ज्ञान झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

प्रवेश व प्रायोगिक प्राण्याचा प्रश्न : आतड्याच्या अस्तरातील कोशिका महाभक्षिकोशिकांप्रमाणे सूक्ष्मजंतू गिळत नाहीत. त्यांत शिरण्यासाठी लागणारे इंटर्नलीन हे पृष्ठस्थ प्रथिन गायार, पास्काल कोसार व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये शोधले. शेजारच्या कोशिकांना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरीन या प्रथिनाला ते चिकटते, असे १९९६ मध्ये आढळले. तथापि उंदरांत इंटर्नलिनाचे कार्य दिसून येत नव्हते. १९९९ मध्ये मार्क लक्यूई यांनी याचे कारण शोधून काढले. ई-कॅडहेरिनाच्या साखळीतील सोळाव्या स्थानी मनुष्य, ससा व गिनीपिग यांत प्रोलीन हे अ‍ॅमिनो अम्ल असते. उंदीर व घूस यांत तेथे ग्लुटामिक अम्ल असते. एवढ्या एका फरकामुळे उंदराच्या कोशिकेला इंटर्नलीन जुळत नाही. ज्या प्राण्यावर अनेक दशके प्रयोग झाले, त्यात मानवी रोगाची पहिलीच पायरी वगळली गेली होती. मानवी ई-कॅडहेरीन आतड्यात निर्माण करणाऱ्या उंदरांमध्ये तोंडावाटे संसर्ग होतो, हे २००१ मध्ये दाखविण्यात आले.

इंटर्नलीन बी या दुसऱ्या प्रथिनाची अडचण याच्या उलट होती. ते कोशिकेवरील मेट या ग्राहीला चिकटते. उंदराच्या मेटशी त्याचे जुळते, परंतु गिनीपिग व ससा यांच्या मेटशी जुळत नाही. त्यामुळे या तिन्ही प्राण्यांत दोन्ही प्रथिनांचे संयुक्त कार्य पाहणे अशक्य होते. २००८ मध्ये जर्बिल या प्राण्यात दोन्ही जुळतात असे आढळले. त्याच्यावर व जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर केलेल्या प्रयोगांवरून वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचण्यासाठी दोन्ही प्रथिने एकत्र लागतात, असे सिद्ध झाले. पिरी यांनी १९२७ मध्ये ज्या प्राणिगटात हा रोग पाहिला होता, त्याच गटाकडे संशोधन अशा प्रकारे परतले.

महत्त्व : दक्षिण आफ्रिकेत २०१७–१८ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसातून पसरलेल्या साथीत एक हजाराहून अधिक लोकांना हा रोग झाला व दोनशेहून अधिक मृत्यू पावले. सूक्ष्मजंतूच्या प्रथिनाचे कार्य त्याच्याशी जुळणाऱ्या पोषक कोशिकेतील प्रथिनाविना समजत नाही, हा लिस्टेरियाच्या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष आहे. म्हणून कोणत्याही कोशिकांतर्गत सूक्ष्मजंतूवरील प्रयोगाचे अनुमान मनुष्याला लावण्यापूर्वी प्रायोगिक प्राण्यात ही जुळणी आहे की नाही, हे तपासणे अगत्याचे ठरते.