फटफटीची पुंगळी

सिल्वासाच्या आसमंतात, दादरा व नगर हवेलीच्या मुलखात, खेरडी नावाचे एक गाव आहे. वारली, कोकणा आणि धोडिया या आदिवासी जमातींच्या वस्तीचा हा प्रदेश. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले, 11 ऑगस्ट 1961 रोजी हा मुलूख रीतसर भारतीय संघराज्यात आला, आणि पुढील काही दशकांत शेती व जंगल यांवर जगणाऱ्या या भूमीत कारखान्यांची धुराडी उभी राहिली. धुराड्यांबरोबर पाळीची नोकरी आली व नोकरीबरोबर दुचाकी. आज अशा गावातला तरुण पहिल्या काही पगारांतून हप्त्यावर मोटरसायकल घेतो. घेतल्यावर थोड्याच दिवसांत एक प्रश्न त्याला सतावू लागतो. गाडीबरोबर आलेली पुंगळी तशीच ठेवावी, की बाजारात मिळणारी दुसरी बसवावी?

पुंगळी हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. कारखानदार त्या वस्तूला सायलेन्सर म्हणतात, म्हणजे आवाज शमविणारे साधन. मराठी माणसाने मात्र तिच्याकडे पाहून साधी पोकळ नळी ओळखली आणि तिला पुंगळी म्हटले. खुद्द वाहनाचे नाव तर त्याने आवाजावरूनच ठेवले: फटफटी. ज्या यंत्राला लोकांनी त्याच्या गोंगाटावरून ओळखले, त्याच यंत्राच्या पोटाखाली गोंगाट शमविणारे उपकरण बांधलेले असावे, या विसंगतीतच या वस्तूचा सारा इतिहास साठलेला आहे.

इंजिनाच्या नळकांड्यात इंधनाचा स्फोट झाला की जळालेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. तो उघड्या हवेत सोडला तर बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो, आणि असे बार मिनिटाला हजारोंनी होतात. जर्मनीत गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी 1885 साली पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी रस्त्यावर आणली. त्यानंतर बारा वर्षांनी, 1897 मध्ये, अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिल्टन रीव्ह्ज व त्याचा भाऊ मार्शल यांनी इंजिनाचा आवाज शमविणाऱ्या साधनाचे पेटंट मिळविले. बंदुकीच्या बाराची उपमा केवळ अलंकारिक आहे असे मात्र कोणी समजू नये. 1909 साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेणारा हायरम पर्सी मॅक्झिम पुढे त्याच तत्त्वावर इंजिनांचे सायलेन्सर बनवू लागला. त्याच्या वडिलांनी मशीनगन शोधून काढली होती. बापाने जगाला धडाड आवाज दिला आणि मुलाने तो दाबण्याचा धंदा केला, असा हा घरगुती हिशेब आहे.

परंतु चालकांना शांतता फारशी नको होती. वायूच्या वाटेत अडथळे उभे केले की इंजिनाला तो बाहेर ढकलण्यास जोर लावावा लागतो आणि तेवढी शक्ती वाया जाते, अशी त्यांची तक्रार. ती सर्वस्वी खोटीही नव्हती. म्हणून जुन्या कित्येक गाड्यांवर एक झडप असे. गाव आले की ती मिटायची आणि गाव मागे पडले की उघडून वायू परस्पर बाहेर सोडायचा. अर्थात ही झडप गावातही उघडीच राहू लागली आणि देशोदेशीच्या सरकारांना कायदे करावे लागले.

या भांडणाचा सर्वांत बोधप्रद अंक इंग्लंडात घडला. सरे परगण्यात 1907 साली ब्रुकलँड्स येथे मोटारींच्या शर्यतीसाठी खास धावपट्टी बांधण्यात आली. तिच्या आसपास राहणाऱ्या गृहस्थांना दिवसभर चाललेला गडगडाट असह्य झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर 1920 नंतरच्या दशकात तेथे धावणाऱ्या प्रत्येक वाहनाला ठराविक मापाचा सायलेन्सर सक्तीचा झाला. पत्र्याचा एक मोठा डबा आणि त्याच्या शेवटी माशाच्या शेपटीसारखे चपटे तोंड, असे त्याचे रूप होते. शर्यतवाल्यांनी प्रथम नाके मुरडली. परंतु हा डबा लावून भरधाव धावणाऱ्या गाड्या लोकांनी पाहिल्या मात्र, साध्या गाड्यांचे मालकही हौसेने तशीच मत्स्यपुच्छी पुंगळी मागू लागले! शेजाऱ्यांची झोप राखण्यासाठी लादलेली वस्तू वेगाचे भूषण होऊन बसली.

याच ब्रुकलँड्सच्या पट्टीवर ताशी 100 मैलांहून अधिक वेगाने फेरी पुरी करणाऱ्या मोटरसायकलस्वाराला सोन्याचा एक छोटा तारा बक्षीस मिळत असे. 1937 साली वॉल हँडली याने बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या गाडीवर तो मिळविला आणि दुसऱ्या वर्षी कंपनीने आपल्या नव्या गाडीचे नावच 'गोल्ड स्टार' ठेवले. ही गाडी पुढे फार गाजली आणि तिची निमुळती, चकचकीत पुंगळी तर तिच्याहूनही अधिक. आज पुण्या-मुंबईच्या सुट्या भागांच्या बाजारात 'गोल्ड स्टार' या नावाची पुंगळी मागितली की दुकानदार लगेच काढून देतो. ती घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे नाव ज्या पट्टीवर जन्मले, तेथे पुंगळीचा आवाज दाबल्यावाचून पाऊल टाकता येत नव्हते?

हिंदुस्थानात या हौसेचे मूळ बुलेटमध्ये सापडते. भारतीय लष्कराने सरहद्दीवरील कामासाठी रॉयल एन्फील्ड कंपनीची ही गाडी पसंत केली आणि 1955 साली मद्रासेत तिच्या जुळणीसाठी कंपनी स्थापन झाली. इंग्लंडातील मूळ कंपनी 1970 च्या सुमारास बुडाली, पण मद्रासची बुलेट चालतच राहिली. एकच मोठे नळकांडे, संथ फिरणारे जड चक्र आणि त्यामुळे एकेक ठोका वेगळा मोजता यावा असा आवाज, हे तिचे वैशिष्ट्य. फौजदार, पाटील, साखर कारखान्याचा संचालक यांची स्वारी दिसण्यापूर्वी ऐकू येई, आणि आवाज हा प्रतिष्ठेचा भालदार-चोपदार झाला. 'पंजाब' आणि 'इंदोरी' अशी प्रांतांची व शहरांची नावे धारण करणाऱ्या पुंगळ्या बाजारात आल्या त्या या बुलेटसाठीच. त्यांच्या पोटात पडदे कमी, म्हणून ठोका अधिक खणखणीत.

1961 हे वर्ष या कथेत तीन ठिकाणी येते. दादरा व नगर हवेली भारतात सामील झाली ते हेच वर्ष. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या भारतीय रस्त्यांवर येऊ लागल्या त्या याच सुमारास. त्यांना नळकांडे एक, पण पुंगळ्या दोन, डावीउजवीकडे तोलून बसविलेल्या. आणि सप्टेंबर 1961 मध्ये स्वीडनच्या शर्यतीतून एर्न्स्ट डेग्नर नावाचा पूर्व जर्मन शर्यतपटू आपल्या देशाकडे पाठ फिरवून निघून गेला. त्याच्याबरोबर जे रहस्य गेले ते एका पुंगळीचे होते.

हे रहस्य वॉल्टर काडेन या अभियंत्याचे. महायुद्धात पेनेम्युंडे येथील अस्त्रसंशोधनात काम केलेला हा गृहस्थ पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात आला. दोन टप्प्यांत काम उरकणाऱ्या इंजिनाचा मोठा दोष असा की जळालेल्या वायूबरोबर ताजे इंधनही थोडे बाहेर निसटते. काडेनने पुंगळीला मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा आकार दिला. बाहेर पडणारी दाबाची लाट पहिल्या निमुळत्या भागात शिरली की मागे ओढ निर्माण करी आणि शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून परत फिरली की निसटू पाहणारे ताजे इंधन पुन्हा नळकांड्यात कोंबी. एकही फिरता भाग नसलेला पत्र्याचा तुकडा इंजिनाची शक्ती वाढवीत होता! डेग्नर हे ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेला आणि 1962 साली 50 सीसी वर्गातील जगज्जेतेपद सुझुकीच्या गाडीवर त्यानेच जिंकले. जपानी कंपन्यांच्या दोन टप्प्यांच्या गाड्यांत ही विद्या पुढे मुरली. 1985 साली एस्कॉर्ट्सने भारतात आणलेली यामाहा आरएक्स 100 ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तिच्या पुंगळीतून निघणारा तो तीक्ष्ण स्वर आठवत असेल. तिचे उत्पादन 1996 मध्ये थांबले, तरी चांगल्या स्थितीतील जुनी आरएक्स अजून हौसेने विकत घेतली जाते.

काडेनच्या कथेत एक पथ्य दडलेले आहे आणि ते चार टप्प्यांच्या आजच्या इंजिनांनाही लागू आहे. पुंगळीची लांबी आणि आकार विशिष्ट इंजिनाशी, किंबहुना इंजिनाच्या विशिष्ट वेगाशी जुळवलेला असतो. शर्यतीत इंजिन सदा वरच्या वेगात फिरते, म्हणून तेथे मोकळी पुंगळी लाभदायक ठरते. खेरडीचा तरुण गाडी चालवतो ती खालच्या व मधल्या वेगात. कारखान्याची वाट, आठवड्याचा बाजार, मागे बसलेली आई, पुढे धान्याचे पोते. अशा वापरात केवळ मोकळी केलेली पुंगळी आवाज वाढविते, आणि चढावर लागणारी ओढ मात्र पुष्कळदा कमी करते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पुंगळी बदलली तर इंधनाचे जेटही बदलावे लागे. ते न केल्यास मिश्रणात पेट्रोल कमी पडे, नळी तापून निळी होई आणि वेग उतरविताना फटाके फुटत. पुष्कळांना हे फटाकेच शक्तीचे लक्षण वाटले. वस्तुतः न जळलेले इंधन नळकांड्याबाहेर पुंगळीतच पेट घेत असल्याची ती खूण होती.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, आणि पुंगळी ही नुसती नळी उरली नाही. तिच्या पोटात विषारी वायूंचे रूपांतर करणारा उत्प्रेरक बसविलेला असतो आणि तिच्या वाटेवर प्राणवायू मोजणारा संवेदक. त्याच्या सांगण्यावरून गाडीतील संगणक इंधनाचे प्रमाण ठरवितो. अशी पुंगळी समूळ काढून दुसरी लावणे म्हणजे एकाच वेळी गाडीचे फुप्फुस आणि नाक काढण्यासारखे आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था गाडीची परीक्षा घेतात ती मूळ पुंगळीसह घेतात. दुकानातील कप्प्यावर ठेवलेल्या परक्या पुंगळीला त्या परीक्षेचे पुण्य लागत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्याजोगी आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 120 वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. नव्या मोटरसायकलींच्या आवाजाची मर्यादा 80 सीसीपर्यंत 75 डेसिबल, 80 ते 175 सीसीपर्यंत 77 आणि त्यावर 80 अशी ठरलेली आहे. ध्वनीच्या मानकांचा भंग करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 190 व्या कलमाखाली, 2019 च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रातील शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविल्याची दृश्ये वृत्तपत्रवाचकांच्या परिचयाची आहेत.

तथापि दंडाहून वजनदार अशी एक गोष्ट खेरडीसारख्या गावात आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नव्हे. दर दहा डेसिबलांना ध्वनीची ऊर्जा दहापट होते. गाडीची परीक्षा साडेसात मीटरांवरून होते आणि वस्तीचे माप सरासरीचे असते, म्हणून दोन्ही आकडे शेजारी मांडून चालणार नाही. तरीही मर्यादेतली गाडीसुद्धा पाड्यावरच्या निजलेल्या माणसाला ऐकू येते, एवढे त्यांतून कळते. मग पडदे काढलेल्या पुंगळीबद्दल काय सांगावे? शहरातील सिमेंटची भिंत काही आवाज तरी अडविते. शेणाने सारविलेल्या कुडाच्या भिंतीला ते जमत नाही. दुसरी पाळी आटोपून मध्यरात्री परतणारा तरुण घरी पोहोचून झोपी जातो, पण ज्या दहा घरांवरून तो गेला तेथली तान्ही मुले, आजारी म्हातारी माणसे आणि पहाटे पहिल्या पाळीला उठणारे त्याचेच सोबती जागे झालेले असतात. ब्रुकलँड्सच्या गृहस्थांपाशी वकील होते. पाड्यावरचा माणूस फार तर सकाळी त्या तरुणाच्या बापाला दोन शब्द सांगेल.

एवढे असूनही पुंगळी बदलण्याची इच्छा हा केवळ उनाडपणा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हप्त्याची गाडी शेजाऱ्याच्या गाडीसारखीच असते, रंगही तोच. तिला आपली अशी एक ओळख असावी असे वाटण्यात गैर काहीच नाही. शिवाय कधी बदलणे भागच पडते. या मुलखात पाऊस जबर, आणि जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीची पुंगळी पुरती तापत नाही. तिच्या पोटात साचणारे पाणी पत्र्याला आतून खाते आणि एके दिवशी तळाला भोक पडते. अशा वेळी गाडीच्या कंपनीने त्याच प्रतिमानासाठी मान्य करून घेतलेली पुंगळी महाग असली तरी जोडावर नीट बसते, उत्प्रेरक व संवेदक जागच्या जागी राहतात आणि कागदपत्रांत खोट येत नाही. स्टेनलेस पोलादाची असेल तर गंजालाही उशिरा बळी पडते. काढता येणारा पडदा घातलेल्या पुंगळ्यांबद्दल जाणते मिस्त्री सावध असतात. काढता येणारा पडदा आज ना उद्या काढलाच जातो, हे त्यांनी पाहिलेले असते.

याच मिस्त्रींकडे आणखी एक रिवाज आढळतो. पुंगळी बदलली तरी मूळची ते फेकू देत नाहीत. गोणपाटात गुंडाळून ती घराच्या माळ्यावर, जुन्या नांगराच्या फाळाशेजारी ठेवली जाते. पुढे गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाईक इंजिन सुरू करून पाहते, टायरावर अंगठा दाबते आणि मग विचारते, "कंपनीची पुंगळी आहे ना?"