पवार, काका

ग्रीको-रोमन शैलीतील भारतीय मल्ल व कुस्तीप्रशिक्षक. मूळचे लातूर जिल्ह्यातील. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली ते घडले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायांचा डावासाठी वापरही चालत नाही. पट काढणे, टांग मारणे यांवर वाढलेल्या तांबड्या मातीतल्या पैलवानाला ही शैली जड जाते. पवारांनी तीच निवडली आणि त्यात नाव कमावले, हे त्यांचे खरे वेगळेपण. 1998 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

पुढे कात्रजमध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल उभारले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथेच राहून सराव करतात. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत त्यांच्याच दोन शिष्यांत झाली. हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला 3-2 असे हरवले आणि निकालानंतर त्यालाच खांद्यावर उचलून घेतले. एका वस्तादाच्या तालमीचे संस्कार याहून स्पष्ट दिसणार नाहीत.

संकुलाचे सर्वांत मोठे नाव राहुल आवारे. बिराजदारांचाच हा पाटोद्याचा शिष्य 2011 मध्ये त्यांच्या निधनानंतर पवारांकडे आला. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 57 किलो गटात कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला नमवून सुवर्ण जिंकले. 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य मिळवले. 2020 मध्ये त्यालाही अर्जुन पुरस्कार मिळाला.