काजळी, रडार आणि माझं फसलेलं प्रोजेक्ट

गेल्या शनिवारी गावी होतो, ब्राह्मणपुरीला (तालुका शहादा). आमच्या जुन्या स्वयंपाकघराची भिंत चुलीच्या धुरानं काळीकुट्ट झालीय. सहज बोट फिरवलं, काजळी लागली आणि इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आठवलं.

आमचं प्रोजेक्ट होतं रडारच्या लहरी गिळणारा थर. इपॉक्सीत कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यातली काजळीच! आयडिया काही आमची नव्हती. अशा शोषकाचं पहिलं पेटंट 1936 साली नेदरलँड्समध्ये निघालं, त्यातही कार्बन ब्लॅकच होतं. थराची जाडी त्यातल्या तरंगलांबीच्या पाव ठेवायची. मग पुढून परतणारी लहर आणि मागच्या धातूवरून परतणारी लहर उलट्या तालात भेटतात नि एकमेकींना संपवतात. ऊर्जा काजळीत उष्णता होऊन जिरते.

दुसऱ्या महायुद्धात हा खेळ जिवावरचा झाला. जर्मन पाणबुड्यांच्या श्वासनळ्या पाण्याबाहेर डोकावत आणि रडारला दिसत. म्हणून जर्मनांनी लोखंडाची बारीक भुकटी घातलेलं रबर बनवलं, साधारण 3 गिगाहर्ट्झसाठी. तिकडे अमेरिकेत साल्सबरीनं धातूपुढे पाव तरंगलांबीवर विरोधक पडदा ठेवला. पडद्याचा रोध 377 ओहम, कारण मोकळ्या अवकाशाचा अवरोधही तेवढाच. जुळलं तर लहर आत शिरते, नाहीतर दारातूनच माघारी.

आमचं नेमकं इथंच फसलं. शोषण वाढावं म्हणून आम्ही काजळी वाढवत गेलो. एका प्रमाणापुढे काजळीचे कण एकमेकांना चिकटून सलग वाट तयार झाली आणि थर धातूसारखा वागायला लागला. गिळायच्या ऐवजी आरसा! तोवर कॅम्पस सुरू झालं, आयटीची ऑफर आली आणि आम्ही रिपोर्टात 'भविष्यातील काम' असं लिहून मोकळे झालो. ते भविष्य काही आलं नाही.

आलं ते दुसऱ्यांकडे. 2010 मध्ये माझगाव डॉकची 'आयएनएस शिवालिक' नौदलात आली, रडारला कमी दिसेल अशी घडवलेली. अंबरनाथला तर नौदलाच्या सामग्रीवरच संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. लोकलनं कितीदा तिथून गेलोय, पण मान वळवून पाहिलं नाही.

"भिंतीत काय शोधतोय रे?" आजीनं विचारलं.

काय सांगणार? प्रमाण चुकलं होतं, गं. फक्त प्रमाण. एकदा कमी करून पाहायला हवं होतं.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.