पेटीत काय घालायचं

दिंडोशीला थोरल्याकडं मी वर्षातून एकदा जातो. भाताची मळणी उरकलेली असते, घनसाळ कणगीत पडलेला असतो, काजूला मोहोर असतो आणि रानात फारसं काम नसतं, असे पौषाचे दिवस बघून. थोरला नागरी निवारा वसाहतीत भाड्यानं राहतो. खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणून मला तिथं करमतं. ही वसाहत कशी झाली ते तिथली जुनी माणसं अजून सांगतात. १९७६ च्या कायद्यानं शहरात कुणी किती मोकळी जमीन ठेवावी याला मर्यादा आली. जादा ठरलेली जमीन कमी मिळकतीच्या लोकांच्या घरांना मिळावी म्हणून मृणालताई गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सोबत्यांनी नागरी निवारा परिषद काढली, सरकारशी भांडले, आणि ही घरं उभी राहिली.

मागच्या पौषात गेलो तर पाठीमागच्या इमारतीतल्या वहिनींचा निरोप आला. त्यांचे मालक दिवाळीत गेले होते. गडहिंग्लजकडचा माणूस, आधी गिरणीत, संपानंतर मिळेल ते काम करत इकडं सरकलेला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही गावातल्या वाचनालयाचं बघताय न्हवं? ह्यांची पुस्तकं हैत. रविवारी रद्दीवाला येणार हाय. त्याच्या आधी तुम्हाला काय पायजे ते काढून घ्या."

पलंगाच्या खणात, माळ्यावर, शिवणयंत्राच्या खाली, सगळीकडं पुस्तकं. मी मोजली, तीनशे चाळीस भरली. रविवारला दोन दिवस होते. गावाकडं जाणाऱ्या गाडीवाल्यानं आधीच सांगितलं होतं, सफरचंदाची दोन खोकी नेईन, तिसरं नाही. आणि गावात वाचनालयाची पाच कपाटं आधीच गच्च भरलेली. म्हणजे साठ-सत्तर पुस्तकं घ्यायची आणि बाकीची किलोवर जाऊ द्यायची. त्या दोन दिवसांत आमच्या वाचनालयाचा सगळा इतिहास माझ्या डोळ्यांपुढून गेला.

आमचं गाव आजरा तालुक्यातलं. कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, मद्रास प्रांताच्या कायद्याच्या तीन वर्षं आधी, आणि कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं. पण त्यातलं काही आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं. आमच्याकडं पुस्तकं आली ती लालबाग-परळहून. गिरणीत गेलेल्या गावकऱ्यांनी गाळ्यात बसून वर्गणी काढली आणि एक पत्र्याची ट्रंक भरून पाठवली. मी तेव्हा सातवीत असेन. ट्रंक देवळात उघडली. वर पांडवप्रताप, शिवलीलामृत, हरिविजय. त्याखाली नाथमाधव. आणि त्याच्याखाली, कुणी लपवून ठेवल्यासारखी, बाबूराव अर्णाळकरांची पंचवीस-तीस पुस्तकं. पाठवणाऱ्यांनी स्वतः पाळी सुटल्यावर जे वाचलं तेच गावाला दिलं होतं. निवड समिती नव्हती की यादी नव्हती. तरी त्या ट्रंकेतलं एकही पुस्तक पडून राहिलं नाही. अर्णाळकरांची पुढं पानंसुद्धा उरली नाहीत.

नंतर मला कळलं की पेटीतून पुस्तकं गावाला पाठवायची ही युक्ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी फार आधी केली होती. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि संस्थानभर वाचनालयं काढायला लावली. जिथं वाचनालय नव्हतं तिथं लाकडी पेट्या फिरायच्या. आणि वाचनालय पाहिजे असेल तर गावानं आधी स्वतःचे पैसे काढायचे, मग संस्थान आपला वाटा घालणार. ही अट मला पटते. पैसे घातले की माणूस काय पाहिजे ते बोलायला लागतो.

आमच्या राज्याचा कायदा १९६७ चा. त्यातून अनुदान आलं, आणि अनुदानाबरोबर वह्या आल्या. अ, ब, क, ड असे वर्ग. आम्ही ड. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती यावर सगळं ठरतं. मी दहावी झालेला, अक्षर बरं, म्हणून कार्यवाहपद माझ्या गळ्यात पडलं आणि वीस वर्षं निघालं नाही. दाखल वही मी लिहायचो. अनुक्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, शेवटी शेरा. एकदा त्यात नंबर पडला की पुस्तक सरकारी मालमत्तेसारखं होतं. हरवलं तरी उत्तर द्यावं लागतं, फाटलं तरी.

खरेदी मार्चमध्ये. आर्थिक वर्ष संपायच्या आत पैसा खर्ची पडला पाहिजे, आणि तोच आमचा ऊसतोडीच्या मजुरांच्या मागं पळायचा, नाहीतर उन्हाळी नांगरटीचा काळ. शासनमान्य यादी असते, कोलकात्याच्या राजा राममोहन राय प्रतिष्ठानच्या योजनेतूनही पुस्तकं येतात, ती बरी असतात. पण आपल्या हातानं घ्यायची वेळ आली की विक्रेता दारात यायचा. एका वर्षी असाच एक जण आला. गठ्ठा बांधलेला, सूट भरपूर. घेतला. घरी येऊन सोडला तर चाळीस पानांची पुस्तकं, अक्षर मोठं, किंमत तीनशे. हिशेबाला उत्तम. संख्या वाढली, बिलं जुळली, तपासणीला एक शब्द निघाला नाही. वाचायला मात्र त्यातलं पोरांनीही काही नेलं नाही. ती पुस्तकं आजही नवीकोरी आहेत, आणि नवीकोरी आहेत म्हणूनच कपाटातून निघत नाहीत. जीर्ण झाल्याशिवाय काढता येत नाहीत ना!

२०१२ च्या मे महिन्यात सरकारनं महसूल खात्याची माणसं पाठवून राज्यातली सगळी वाचनालयं तपासली, बारा हजारांच्या आसपास. कागदावरच चालणारी पुष्कळ निघाली असं छापून आलं होतं, आणि त्यानंतर नवी मान्यता, वर्गबदल सगळं कित्येक वर्षं थांबलं. आमच्याकडं तलाठी आले. दाखल वही घेऊन कपाटापुढं उभे राहिले आणि मोजलं. बरोबर भरलं. चहा घेऊन गेले. मोजणाऱ्याची चूक नाही, त्यांना मोजायलाच पाठवलं होतं. पण मी त्या दिवशी अस्वस्थ होतो, कारण दाखल वहीतल्या एका नंबराची गोष्ट मला ठाऊक होती. तो नंबर ४१८.

२००५ च्या पावसाळ्यात वाचनालयाचं छप्पर गळलं. दोन कपाटं भिजली. आम्ही पडवीत पुस्तकं वाळत घातली, उघड्या पानांची. मग समितीची बैठक घेतली आणि निर्लेखन करायचं ठरवलं, म्हणजे खराब पुस्तकं वहीतून रीतसर कमी करायची. किती काढायची याला काही माप पाहिजे. माप मीच सुचवलं: मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर दहा वर्षांत शिक्का नसेल आणि भिजलं असेल, तर काढायचं. सगळ्यांना पटलं. दोनशेबारा पुस्तकं काढली. प्रत्येकापुढं मी शेरा लिहिला, ‘जीर्ण’, आणि सही केली.

त्यात शेतकी खात्याच्या जुन्या पुस्तिकांचा सुतळीनं बांधलेला एक जुडगा होता. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या भातांबद्दलचा. घनसाळ, काळा जिरगा, जोंधळी जिरगा, कुठल्या जमिनीत काय येतं, तरवा कधी टाकावा, असं सगळं. चिठ्ठीवर एकच शिक्का, तोही फिकट. पण खरी गोष्ट अशी की तो जुडगा वाचला जात होता. खालच्या वाडीतले एक म्हातारे दर बाजाराच्या दिवशी यायचे, काठी भिंतीला लावायचे, तो जुडगा मागून घ्यायचे आणि खिडकीत बसून बोट ठेवून वाचायचे. घरी कधी नेला नाही, कारण अनामत भरायला पैसे नव्हते. शिक्का बसणार कुठून? ते मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. तरी वही पुढं आल्यावर मी चिठ्ठी बघितली, म्हाताऱ्याला बघितलं नाही. ते तोवर वारलेही होते.

पुढं काही वर्षांनी शेतकी कॉलेजातला एक पोरगा आला. "आजोबा, तुमच्या भागातल्या जुन्या भातांबद्दल काही छापील मिळेल का? घनसाळबद्दल काहीही चालेल." मी वही उघडली. ४१८ वर माझंच अक्षर, माझीच सही. पोराला म्हटलं, होतं, आता नाही. तो बिचारा ‘बरं’ म्हणून गेला. आजऱ्याच्या घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, मीही खाल्ला. पण घशाखाली उतरताना त्या सुतळीची आठवण झाली.

तेव्हापासून मला ती मोठी जुनी वाचनालयं समजायला लागली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. त्या काळच्या वाचनालयांत इंग्रजीला मान, मराठी पुस्तक कोपऱ्यात. म्हणून या लोकांनी ठरवलं, मराठीत छापलेलं सगळं जमवायचं. चांगलं-वाईट आम्ही ठरवणार नाही. शंकर गणेश दात्यांनी पुढं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती अशा कुणीतरी काही फेकलं नव्हतं म्हणूनच होऊ शकली. आणि १९५४ चा कायदा तर प्रकाशकाला सांगतो की प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठराविक ग्रंथालयांना पाठव. मोठ्यांनी सगळं राखायचं, हे ठीक. पण पाच कपाटांच्या वाचनालयाला ते कसं जमणार? आम्हाला फेकावंच लागतं. मग प्रश्न एवढाच, की गावाबाहेर दुसरीकडं जे मिळेल ते फेकलं तर चालतं, आणि जे फक्त आपल्याकडंच असण्याचा संभव आहे ते फाटकं असलं तरी ठेवायचं. कथा-कादंबरीची प्रत कुठंही सापडते. आपल्या ओढ्याकाठच्या भाताची पुस्तिका कोण ठेवणार? ही अक्कल मला ४१८ नंतर आली.

दुसरी एक गोष्ट केली. आमची ग्रंथपाल मुलगी ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा झालेली आहे. तिनं रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम सांगितले, त्यात एक असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. मी म्हटलं, ज्याला मिळालं नाही त्याची नोंद आपण कुठं करतो? देवघेवीच्या वहीत फक्त नेलेलं येतं. म्हणून शंभर पानी वही आणली आणि तिला ‘नाही-वही’ नाव दिलं. कुणी काही मागितलं आणि आपल्याकडं नसलं की त्यात लिहायचं. पहिल्या वर्षात काय आलं बघा. मोठ्या अक्षरातली ज्ञानेश्वरी, चौदा वेळा. पोलीस भरतीची पुस्तकं. वाटणीपत्र आणि सातबाऱ्याच्या फेरफाराचं कायद्याचं सोप्या मराठीतलं पुस्तक, ते बहुतेक बायकांनी मागितलेलं. काजूवरच्या रोगांचं. बाळंतिणीच्या आहाराचं. पुढच्या मार्चला विक्रेता आला तेव्हा मी गठ्ठा सोडला नाही, त्याच्यापुढं वही ठेवली. तो म्हणाला, "तात्या, ह्यात सूट कमी बसते." म्हटलं, बसू दे.

तर दिंडोशीत मी जमिनीवर बसलो, ‘नाही-वही’ची पानं पोराकडून मोबाईलवर मागवून घेतली आणि निवडायला लागलो. मोठ्या अक्षरातली ज्ञानेश्वरी निघाली, ती पहिली खोक्यात. कायद्याचं एक होतं, पण १९८५ सालचं, ते जुनं झालं, चुकीचं सांगेल, बाजूला. नावाजलेल्या कादंबऱ्या आमच्याकडं आहेत, त्या बाजूला. वहिनी चहा घेऊन आल्या, ढिगाकडं बघत म्हणाल्या, "एवढी बाजूला?" मला उत्तर सुचलं नाही. त्या माणसानं पगारातून एकेक रुपया काढून घेतलेली पुस्तकं ती. प्रत्येकावर पहिल्या पानावर नाव, तारीख आणि कुठं घेतलं ते लिहिलेलं. दादर स्टेशनबाहेर, फुटपाथ. म्हणून मी तेवढी पानं तरी वाचून काढली, मग बाजूला ठेवली. त्यातली सात परत खोक्यात टाकली, का ते सांगता येणार नाही. माप मोडलंच.

शेवटी शिवणयंत्राखालच्या पिशवीत पुस्तकं नव्हती. १९८२ च्या संपातली हँडबिलं, सभांच्या चिठ्ठ्या, आणि संपाच्या दीड वर्षात घर कसं चालवलं त्याची हिशेबाची वही. तांदूळ इतका, रॉकेल इतकं, गावाहून आलेला तांदूळ एक पोतं, अमक्याकडून उसने. वहिनी म्हणाल्या, हे तर कचऱ्यातच. मी म्हटलं, वहिनी, हे मला द्या. आमच्या गावातले पंचवीस-तीस जण त्याच संपात होते आणि कुणाकडं कागदाचा कपटा नाही.

ती पिशवी दुसऱ्या खोक्यात सगळ्यात वर ठेवली. बोरिवलीला गाडीवाल्यानं खोकी हातानं तोलून बघितली आणि जास्त पैसे मागितले, ते दिले. गावात आल्यावर ग्रंथपाल मुलीनं दाखल वही उघडली. ज्ञानेश्वरीला नंबर पडला. मग ती वही हातात घेऊन विचारायला लागली, तात्या, लेखकाच्या रकान्यात काय लिहू, आणि किमतीच्या?