छत्रपती संभाजीनगर पंतप्रधान आवास योजना निविदा प्रकरण

छत्रपती संभाजीनगर पंतप्रधान आवास योजना निविदा प्रकरण हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) महानगरपालिकेच्या सुमारे ४० हजार घरकुलांच्या निविदेतील कथित संगनमताचे प्रकरण आहे. याबाबत फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा नोंदवण्यात आला.

पार्श्वभूमी

पंतप्रधान आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या भागीदारी घटकात आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घरासाठी केंद्र शासन दीड लाख व महाराष्ट्र शासन एक लाख रुपये अनुदान देते. शहरालगतच्या पडेगाव, तिसगाव, सुंदरवाडी आदी ठिकाणच्या शासकीय जमिनींवर ही घरे प्रस्तावित होती.

आक्षेप

स्पर्धक म्हणून आलेल्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्या गेल्याचा मुख्य आक्षेप होता. महापालिकेच्या तक्रारीवरून शहरातील सिटी चौक पोलीस ठाण्यात संबंधित कंपन्यांविरुद्ध फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. मार्च २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर, पुणे व अकोला येथे छापे टाकले.

संगनमताचे स्वरूप

शासकीय कामांत पहिल्या फेरीत सर्वसाधारणपणे किमान तीन निविदा अपेक्षित असतात. ही संख्या भरून काढण्यासाठी नावापुरत्या निविदा भरल्यास कागदोपत्री स्पर्धा दिसते. प्रत्यक्षात काम कोणाला व कोणत्या दराने मिळणार हे आधीच ठरलेले असते. ई-निविदा पद्धतीत दर मुदतीपर्यंत गोपनीय राहतात, परंतु निविदाकारांमधील आपसातील संगनमत त्यामुळे थांबत नाही. मात्र निविदा कोणत्या संगणक-जोडणीवरून भरली याची नोंद राहते व छाननीत ती पुरावा ठरू शकते. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांतही समान आयपी पत्ता हा पुराव्याचा एक भाग होता. त्या प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये कंपन्यांना दंड ठोठावला.

कायदेशीर तरतुदी

स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(३)(ड) नुसार निविदेतील संगनमत निषिद्ध आहे. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १७५ मध्ये खरेदी अधिकारी व निविदाकार या दोघांसाठीही सचोटी संहिता दिलेली आहे. केंद्रीय दक्षता आयोग मोठ्या खरेदीसाठी सचोटी करार व त्यावर देखरेख करणारे स्वतंत्र निरीक्षक यांचा पुरस्कार करतो.

परिणाम

वादग्रस्त निविदा रद्द होऊन प्रक्रिया नव्याने राबवावी लागली. ‘२०२२ पर्यंत सर्वांसाठी घरे’ हे योजनेचे मूळ उद्दिष्ट होते. ती मुदत उलटून गेल्यानंतरही शहरातील अर्जदारांची घरकुलांची प्रतीक्षा लांबली.